मुक्काम लश्कर

पाकिटावर पत्ता बाळबोध: सिग्नलमन दि. मोहिते, ५६ एपीओ.
त्या आकड्याच्या पलीकडे मी नेमका कुठं आहे
दाजींना ठाऊक नव्हतं, मलाही सांगायचं नव्हतं.
(अजूनही सांगत नाही. सवय.)

आत मात्र मोडी.
ग्वाल्हेरच्या दफ्तरात एकतीस वर्षं बोरू झिजवलेला माणूस,
घरातलं चारचौघांच्या अक्षरात लिहायला लाजायचा.
आधी कागदभर रेघ ओढायची,
मग तिला अक्षरं टांगायची, हात न उचलता,
दोरीवर धोतरं वाळत घालावीत तशी.

कॅप्टन कुरियननं पत्र उघडून टेबलावर ठेवलं होतं.
"ही कुठली लिपी? कोड आहे?"
मी सिग्नलचा. कोड हाच माझा धंदा.
डिसेंबरात घाम फुटला.
"वडिलांचं अक्षर आहे, साहेब."
"वाच. मोठ्यानं. हिंदीत."

वाचलं: मुक्काम लश्कर.
"बापही फौजेत?"
"नाही साहेब, लश्कर हे आमच्या गावाचं नाव."
त्यानं काहीतरी टिपून घेतलं.

बाड्यावरचं घड्याळ पुन्हा दहा मिनिटं मागे आहे.
पेन्सिल थांबली.
श्योपूरच्या छोट्या गाडीनं तीन माणसं आली, रात्रीच परत गेली.
"कोण माणसं?"
"बहिणीला बघायला, साहेब. कुमुदला."
"मग परत का गेली?"
"ते लिहिलेलं नाही."
लिहिलं होतं. सायकल, रेडिओ आणि आठशे रुपये.
परक्या माणसासमोर तेवढी ओळ मी गिळली.

ब्लॅकआउटसाठी काचांना तुझ्या जुन्या वह्यांची पानं चिकटवलीत.
जेवताना समोर तुझं गणित असतं.
तू इतका कच्चा होतास हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

कुरियन हसला. पहिल्यांदाच.
मीही हसलो असेन, आठवत नाही,
मला त्या खिडकीखालचं ताट दिसत होतं
आणि दाजींचा घास घेताना वर गेलेला चष्मा.

शेवटी दोनच शब्द. घाईचे, शाई सुकत आलेली.
दुसरा 'ये'. तो स्पष्ट होता.
पहिल्याशी मी अडलो.
तंबूवर वारा आपटत होता, साहेब वाट बघत होता.
"जीतकर आना," मी म्हणालो.
त्यानं मान डोलावली आणि शिक्का मारला.

त्यानंतर टपालाची थैली आली की आधी मला बोलावणं.
"घड्याळ दुरुस्त झालं का रे?"
भिंडचा रामसनेही तोमर, त्याला कुणाचंच पत्र यायचं नाही,
तो माझ्या शेजारी येऊन बसायचा, विडी न पेटवता.
"चाचा ने इस बार क्या लिखा?"
म्हशीचा पाय मुरगळला तर तो दोन दिवस विचारत होता.
कुमुदचं जमलं त्या महिन्यात सबंध सेक्शननं
चहातली साखर वाचवून वाटून खाल्ली.
तिचा चेहरा त्यांच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.
तोमर परतला नाही. दाजींना मी ते कळवलं,
तर पुढच्या पत्रात एक संपूर्ण ओळ
नुसती रेघ होती. खाली काहीच टांगलेलं नाही.

पण ती पहिली रात्र.
ब्लँकेटमध्ये टॉर्च घेऊन पुन्हा काढलं पत्र.
'जिंकून' नव्हतं, एवढं नक्की.
'जपून' असावं.
टॉर्च जरा जवळ नेला तर
'निघून' दिसायचं.

सुट्टीवर गेलो तेव्हा दाजी फाटकात उभे होते.
विचारलं नाही.
अठ्ठ्याहत्तर साली ते गेले, तेव्हाही नाही.

मोडी वाचणारा आता आमच्याकडे एकच उरलाय,
दौलतगंजातला, ऐंशीच्या पुढचा, नजर शाबूत.
पत्र खिशात घेऊन तीनदा त्याच्याकडे गेलो.
चहा पिऊन आलो.